जबड्याच्या सांध्याचे जखडणे : कारणे आणि प्रतिबंध

प्रास्ताविक

सांधेदुखी किंवा सांधे आखडणे म्हटले की गुडघा, कंबर, खांदा हेच अवयव डोळ्यांपुढे येतात. कानाच्या पुढे, दोन्ही बाजूंना असलेल्या जबड्याच्या सांध्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे, दात घासणे या सर्व क्रिया याच सांध्यावर अवलंबून असतात. गुडघा आखडला तर माणूस काठी घेऊन चालतो. पण जबडा जखडला तर अन्न, वाचा आणि प्रसंगी श्वास या तिन्हींवर एकाच वेळी संकट येते.

या विकाराची एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्याची सुरुवात बहुतेक वेळा बालपणी, हनुवटीवर पडण्यासारख्या साध्या अपघातातून होते आणि तो उघडकीस येतो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. तोपर्यंत पडल्याची आठवणही पुसट झालेली असते. 'मूल जन्मापासूनच असे आहे', 'नशिबाचा भाग आहे' अशी समजूत घरात रुजलेली असते. प्रत्यक्षात हा विकार पुष्कळ प्रमाणात टाळता येण्याजोगा आहे. म्हणून त्याची कारणे डॉक्टरांप्रमाणेच पालक आणि शिक्षक यांनाही माहीत असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या कारणांचे विवेचन केले आहे.

शब्दविचार

मराठीत तोंड न उघडण्याला 'दातखीळ बसणे' असा रूढ वाक्प्रचार आहे. दातांना जणू खीळ ठोकली आहे, अशी त्यामागील कल्पना. संस्कृत वैद्यकात 'हनुग्रह' आणि 'हनुस्तंभ' हे शब्द येतात. हनु म्हणजे जबडा. हाच शब्द मराठीतील 'हनुवटी'मध्ये टिकून राहिला आहे. युनानी वैद्यकात सांधा घट्ट होण्याला 'तहज्जुर-ए-मफासिल' म्हणतात. 'हजरे अस्वद' या नावात जो 'हजर' म्हणजे दगड, त्याच धातूपासून 'तहज्जुर' हा शब्द झाला आहे. 'मफासिल' म्हणजे सांधे. सांध्यांचे दगड होणे, असा त्याचा सरळ अर्थ. आधुनिक वैद्यकात यासाठी 'अँकिलोसिस' ही संज्ञा वापरतात. ती मूळ ग्रीक असून वाकडेपणाची कल्पना तिच्या मुळाशी आहे.

या शब्दांची तुलना केली असता एक गोष्ट दिसून येते. 'दातखीळ' हा शब्द लक्ष दातांकडे नेतो, तर खऱ्या जखडण्याचे ठिकाण कानापाशी असते. घरातील माणसे दात, गाल, घसा पाहतात. कानापुढच्या सांध्याला हात लावून कोणी पाहत नाही. दुसरे असे की, दातखीळ हे केवळ लक्षण आहे. त्यामागे धनुर्वात असू शकतो, अक्कलदाढेची सूज असू शकते, सुपारीचे व्यसन असू शकते किंवा सांध्याची हाडे एकमेकांना जुळलेली असू शकतात. लक्षण एक असले तरी कारणे भिन्न आहेत आणि उपचारही भिन्न आहेत.

सांध्याची रचना

खालचा जबडा हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे एकच हाड आहे. त्याची दोन्ही टोके वर जाऊन कानाच्या किंचित पुढे कवटीच्या हाडातील खोबणीत बसतात. या टोकाला वैद्यकीय परिभाषेत 'कंडाइल' म्हणतात. सोयीसाठी त्याला येथे 'शीर्ष' म्हटले आहे. शीर्ष आणि खोबण यांच्यामध्ये तंतुमय कूर्चेची एक पातळ चकती असते. ही चकती सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे करते. सांध्याभोवती एक आवरण असून आत वंगणासारखा द्रव असतो.

तोंड उघडताना दोन हालचाली होतात. प्रथम शीर्ष खालच्या कप्प्यात दाराच्या बिजागरीप्रमाणे फिरते. त्यानंतर ते चकतीसह पुढे घसरते. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडले तर ही दुसरी हालचाल बोटाला स्पष्ट जाणवते. निरोगी प्रौढ व्यक्तीचे तोंड वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर उघडते. ढोबळमानाने स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये उभी बसावीत, असे हे माप आहे. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडणारे प्रौढाचे तोंड तपासणीस पात्र समजावे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, हाड एकच आणि सांधे दोन असल्यामुळे एका बाजूचा सांधा जुळला तरी दुसरी निरोगी बाजूही अडकून पडते. दुसरी अशी की, वाढत्या वयात या शीर्षावरील कूर्चेचा आणि सांध्याच्या नियमित हालचालीचा खालच्या जबड्याच्या वाढीशी निकटचा संबंध असतो. त्यामुळे लहानपणी सांधा जखडला तर केवळ तोंड उघडणे थांबत नाही, तर चेहऱ्याची वाढही खुंटते.

खरे आणि आभासी जखडणे

सांध्याच्या आत बिघाड होऊन शीर्ष व खोबण एकमेकांना चिकटतात तेव्हा त्यास खरे जखडणे म्हणतात. सांधा आतून ठीक असतो, पण बाहेरचे स्नायू, कातडी, गालाचे आतील अस्तर किंवा शेजारचे हाड जबड्याला अडवते, तेव्हा ते आभासी जखडणे होय. खऱ्या जखडण्याचे पुन्हा दोन प्रकार पडतात. हाडांमध्ये केवळ तंतुमय ऊतींचे जाळे तयार झाले असेल तर तोंड थोडेफार उघडते. हाडाला हाड जुळून अखंड पूल तयार झाला असेल तर ते जवळजवळ उघडतच नाही. पुष्कळ रुग्णांमध्ये पहिल्या अवस्थेतूनच पुढे दुसरी अवस्था येते.

खऱ्या जखडण्याची कारणे

(१) इजा : सर्वांत मोठे कारण इजा हे आहे आणि त्यातही बालपणी हनुवटीवर पडणे. मूल ओट्यावरून, जिन्यावरून, झोपाळ्यावरून किंवा सायकलवरून पडते. हनुवटी फुटते, रक्त येते. दवाखान्यात जखम धुऊन टाके घातले जातात आणि आठवड्याने टाके काढले की प्रकरण संपले असे सर्वजण समजतात. परंतु हनुवटीवर बसलेला धक्का हनुवटीवर थांबत नाही. तो हाडातून मागे व वर जाऊन दोन्ही कानांपुढील शीर्षांवर आदळतो.

पूर्ण वाढ झालेल्या माणसात शीर्षाखालची मान निमुळती असते. जोराचा धक्का बसल्यास ती मान मोडते आणि त्यामुळे शीर्ष कवटीत घुसण्याचा धोका टळतो. कवायतीत उभे असलेले सैनिक चक्कर येऊन तोंडावर कोसळतात, तेव्हा हनुवटी आणि दोन्ही बाजूंचे सांधे असे तीन ठिकाणी अस्थिभंग होतात. म्हणूनच अशा अस्थिभंगाला 'गार्ड्समन फ्रॅक्चर' असे नाव पडले आहे. लहान मुलाची रचना निराळी असते. त्याच्या शीर्षाची मान आखूड व जाड असते. शीर्ष मऊ असते, त्यावरील कठीण हाडाचा थर पातळ असतो आणि आत रक्तवाहिन्या भरपूर असतात. त्यामुळे धक्क्याने मान न मोडता शीर्षच आतल्या आत चिरडते. हाडाचे बारीक तुकडे आणि रक्त सांध्याच्या आवरणात कोंडते. बाहेरून मात्र कानापाशी थोडी सूज येण्यापलीकडे काही दिसत नाही.

यानंतरच्या काही आठवड्यांत काय होते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कोंडलेले रक्त साकळते, त्यात नव्या रक्तवाहिन्या व तंतू शिरतात, तंतूंची गाठ घट्ट होते आणि कालांतराने तिच्यात हाड तयार होऊ लागते. हाड मोडल्यावर ते सांधण्याची शरीराची जी नैसर्गिक प्रक्रिया आहे, तीच येथे नको त्या जागी घडते. हातापायाचे हाड जुळावे म्हणून आपण ते हलू देत नाही. नेमक्या त्याच नियमाने, दुखते म्हणून मूल तोंड बंद ठेवते, तेव्हा चिरडलेले शीर्ष खोबणीला जुळण्यास अनुकूल परिस्थिती मिळते.

तथापि, एवढ्यावरून पालकांनी घाबरून जाऊ नये. शीर्षाला इजा झालेल्या बहुसंख्य मुलांचा सांधा पुन्हा नीट काम करू लागतो. केवळ रक्त साकळल्याने सांधा जुळत नाही. मधली चकती फाटून किंवा जागेवरून सरकून हाडाला हाड भिडलेले असणे, दोन्ही पृष्ठभाग दुखावलेले असणे आणि हालचाल दीर्घकाळ बंद राहणे, ही कारणे एकत्र आली की धोका वाढतो. यांपैकी हालचाल ही एकच गोष्ट बऱ्याच अंशी घरच्या माणसांच्या हाती असते.

(२) संसर्ग : दुसरे कारण सांध्यात पू होणे हे आहे. कान आणि जबड्याचा सांधा हे अगदी शेजारी आहेत. त्यांच्यामधील हाडाची भिंत पातळ असते आणि लहान वयात तिची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे मधल्या कानातील किंवा कानामागील हाडातील पू सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. तान्ह्या बाळात शरीराच्या दुसऱ्या भागातील जंतू रक्तावाटेही सांध्यात येऊ शकतात. पुवामुळे कूर्चा नष्ट होते आणि उघडी पडलेली हाडे एकमेकांना चिकटतात. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी या कारणाचे प्रमाण मोठे होते. आज ते कमी झाले आहे. तरी वाहणाऱ्या कानात तेल किंवा घरगुती अर्क घालून महिनोन्‌महिने काढण्याची प्रथा पूर्णपणे गेलेली नाही. फुटणारा कान हे किरकोळ दुखणे नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

(३) सांध्यांचे दाहक विकार : सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा बालसंधिवात जबड्याच्या सांध्यालाही गाठतो आणि पुष्कळदा तेथे वेदना न होता आतल्या आत नासधूस करतो. गुडघे व मनगटे सुजलेल्या मुलाचा जबडा कोणी तपासत नाही आणि काही वर्षांनी त्याची हनुवटी मागे राहिल्याचे लक्षात येते. प्रौढांत आमवात, सोरायसिसचा संधिवात आणि पाठीचे मणके जुळविणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस यांमुळेही हा सांधा आखडतो. मात्र या विकारांत हाडाला हाड पूर्ण जुळण्याची अवस्था त्या मानाने कमी रुग्णांत येते.

(४) इतर कारणे : अवघड प्रसूतीत चिमट्याचा वापर करताना बाळाच्या सांध्याला होणारी इजा, सांध्यावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया आणि अस्थिभंगानंतर दोन्ही जबडे तारेने फार काळ बांधून ठेवणे, ही कारणेही नोंदली गेली आहेत. खऱ्या अर्थाने जन्मजात जखडलेला जबडा विरळाच असतो.

आभासी जखडण्याची कारणे

सांध्याबाहेरील कारणांपैकी काही तात्पुरती असतात. अक्कलदाढेभोवतीच्या हिरडीला सूज आली, दाढेच्या मुळाचा पू चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेला किंवा दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनमुळे स्नायू दुखावला, तर काही दिवस तोंड उघडत नाही. मूळ कारण दूर झाल्यावर ते पूर्ववत होते. मूर्च्छेत किंवा फेफऱ्याच्या झटक्यात बसलेली दातखीळ झटका ओसरल्यावर आपोआप सुटते. अशा वेळी चमचा घालून दात उचकटू नयेत; त्याने दात मोडतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. धनुर्वातात जबडा आखडणे हे बहुधा पहिले लक्षण असते आणि तेथे एका तासाचाही उशीर करू नये. नवजात व मातृ धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने भारताबाबत २०१५ साली मान्य केले. हे लसीकरणाचे यश आहे. परंतु धनुर्वाताचे जंतू मातीत कायम असल्यामुळे प्रत्येक पिढीला लस घ्यावीच लागते.

काही कारणे कायमस्वरूपी असतात. गालाच्या हाडाची कमान मोडून आत दबली आणि तशीच राहिली तर ती खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला अडवते. भाजल्यानंतरचे व्रण, तसेच तोंडाच्या कर्करोगावर दिलेल्या किरणोपचारानंतर स्नायूंचे ताठर होणे हीही कारणे आहेत.

परंतु भारतात तरुणांचे तोंड बंद करणारे सांध्याबाहेरील प्रमुख कारण म्हणजे सुपारी. तिच्यामुळे होणाऱ्या विकाराला 'ओरल सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईतील डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांची नोंद केली. सुपारीतील आरेकोलिन हे द्रव्य गालाच्या अस्तराखालील पेशींना जास्त तंतू निर्माण करण्यास प्रवृत्त करते. सुपारीतील तांब्याच्या अंशामुळे हे तंतू एकमेकांत घट्ट विणले जातात आणि शरीराला ते विरघळविता येत नाहीत. प्रथम तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. मग गालाचे अस्तर पांढरट पडते, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड दोन बोटे, एक बोट असे मिटत जाते. येथे सांधा निरोगी असतो. गालच लवचिकपणा हरवून बसतो.

या विकाराचा दुसरा धोका कर्करोगाचा आहे. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. गुटख्यावर मध्य प्रदेश व महाराष्ट्र शासनाने २०१२ साली बंदी घातली. मात्र त्यानंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकण्याची युक्ती निघाली. मावा, खर्रा या मिश्रणांचा मुख्य घटक सुपारीच आहे. मुलांना खाऊ म्हणून दिली जाणारी रंगीत गोड सुपारी हीही सुपारीच असते, याचा घरातील वडीलधाऱ्यांनी गांभीर्याने विचार करावा.

परिणाम

बालपणी खरे जखडणे झाले असता त्याचे परिणाम केवळ तोंडापुरते राहत नाहीत. एका बाजूचा सांधा जुळला असेल तर हनुवटी त्या बाजूला सरकते. जुळलेल्या बाजूचा गाल भरलेला दिसतो आणि निरोगी बाजू सपाट दिसते. त्यामुळे पाहणारे निरोगी बाजूलाच रोगट समजतात. दोन्ही बाजू जुळल्या तर खालचा जबडा मागे राहून चेहरा पक्ष्याच्या चोचीसारखा दिसू लागतो. घास घेता येत नाही म्हणून मूल पातळ पदार्थांवर जगते आणि कुपोषित राहते. दात घासता येत नाहीत, दंतवैद्यालाही आत पोहोचता येत नाही, त्यामुळे दात किडतात. उच्चार अस्पष्ट होतात.

यांहून गंभीर परिणाम झोपेवर होतो. जबडा लहान राहिला की जीभ मागे पडते व घशातील वाट अरुंद होते. मूल घोरते, झोपेत त्याचा श्वास मधेमधे अडतो, झोप पुरी होत नाही आणि दिवसा वर्गात ते पेंगते. असे मूल शिक्षकाला आळशी वाटते. बोलणे स्पष्ट नसल्यामुळे मंदबुद्धीचेही वाटते. सोबती त्याच्या चेहऱ्यावरून चिडवतात आणि ते उत्तरे देणे सोडून देते. बुद्धीत काहीही उणे नसताना केवळ एका सांध्यापायी मूल शाळेतून गळावे, हे या विकाराचे सर्वांत दुःखद अंग आहे.

निदान आणि उपचार

निदानाची सुरुवात साधी असते. तोंड किती उघडते हे मोजणे आणि कानापुढे बोट ठेवून शीर्ष हलते का ते पाहणे, एवढ्यावरून बरेच समजते. त्यानंतर संपूर्ण जबड्याचा एक्स-रे व सी.टी. स्कॅन काढून हाड किती जुळले आहे ते ठरवितात. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. सॉहनी यांनी ७० रुग्णांच्या अनुभवावरून १९८६ साली या विकाराच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर शीर्षाचा आकार बिघडून केवळ तंतूंचे चिकटणे असते. दुसऱ्या पायरीवर बाहेरच्या कडेला हाड जुळते. तिसऱ्या पायरीवर हाडाचा पूल तयार होतो, परंतु मूळ शीर्ष आतल्या बाजूला शिल्लक असते. चौथ्या पायरीवर सांध्याची मूळ रचना पूर्णपणे नाहीशी होऊन त्या जागी एकसंध हाड होते. ही वर्गवारी आजही वापरात आहे.

हाड जुळल्यानंतर औषध, मालिश किंवा शेक यांनी ते सुटत नाही. बळजबरीने तोंड उघडण्याचा प्रयत्नही निरुपयोगी असतो. शस्त्रक्रिया करून जुळलेले हाड काढावे लागते आणि पुन्हा जुळू नये म्हणून मधल्या जागेत बहुधा कानशिलाच्या स्नायूचा पडदा बसवितात. मुलांमध्ये नव्या शीर्षासाठी बरगडीचे हाड व कूर्चा वापरतात, तर प्रौढांत कृत्रिम सांधाही बसविता येतो. भूल देणे हेच येथे मोठे आव्हान असते, कारण बंद तोंडातून श्वासाची नळी घालता येत नाही. रुग्ण जागा असतानाच नाकावाटे दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालण्याचे कौशल्य त्यासाठी लागते.

शस्त्रक्रियेनंतर लगेच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू होतात आणि ते अनेक महिने, दिवसातून कित्येक वेळा करावे लागतात. व्यायामात दुखते, मूल रडते, आईवडिलांना दया येते आणि व्यायाम थांबतो. मग सांधा पुन्हा जुळतो. शस्त्रक्रिया अयशस्वी होण्याची प्रमुख कारणे दोनच : हाड पुरेसे न काढणे आणि व्यायाम सोडून देणे. पहिले कारण शल्यचिकित्सकाच्या हाती आहे, दुसरे कुटुंबाच्या.

प्रतिबंध आणि शाळेची भूमिका

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात.

(१) मूल हनुवटीवर पडले व हनुवटी फुटली, तर टाक्यांबरोबरच दोन्ही कानांपुढील सांध्यांची तपासणी करण्याची विनंती डॉक्टरांना करावी. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळणे, दात पूर्वीसारखे न जुळणे, कानातून रक्त येणे ही धोक्याची चिन्हे समजावीत.

(२) सांध्याला इजा झाल्याचे आढळल्यास सुरुवातीचे काही दिवस मऊ आहार द्यावा. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू करावेत. दुखते म्हणून तोंड आठवडेच्या आठवडे मिटून ठेवू देऊ नये.

(३) तोंड किती उघडते ते महिन्यातून एकदा पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि हे निदान वर्षभर करावे. माप घटू लागले तर वाट पाहू नये.

(४) वाहणाऱ्या कानावर वेळीच उपचार करावेत.

(५) शाळेतील वार्षिक आरोग्य तपासणीत उंची, वजन व दृष्टी यांच्या जोडीला तीन बोटांची चाचणी घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचीच तीन बोटे दातांमध्ये धरून पाहायची आहेत. यास कोणतेही उपकरण किंवा खर्च लागत नाही. लहान वर्गांत जखडणारा सांधा आणि वरच्या वर्गांत सुपारीचे व्यसन, या दोन्हींचा सुगावा या एकाच चाचणीतून लागू शकतो.

समारोप

जबड्याचा सांधा जखडण्याची कारणे अनेक असली तरी त्यांतील प्रमुख कारणे सामान्य माणसाच्या आटोक्यातील आहेत. हनुवटीवरची दुर्लक्षित इजा, बरा न केलेला कान आणि सुपारी या तिन्ही गोष्टी ओळखण्यासाठी मोठ्या रुग्णालयाची गरज नाही. त्यासाठी घरातील आणि वर्गातील जागरूक माणसे पुरेशी आहेत. जुळलेले हाड सोडविण्याचे शास्त्र आज पुष्कळ प्रगत झाले आहे. परंतु ती वाट खर्चाची, वेदनेची आणि वर्षानुवर्षांची आहे. इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तोंड उघडण्याचा व्यायाम घेणे आणि नियमित माप ठेवणे हा त्यापेक्षा कितीतरी सोपा मार्ग आहे. वर्गात न बोलणाऱ्या, डबा चोरून खाणाऱ्या किंवा सतत पेंगणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी त्याचे तोंड किती उघडते हे एकदा पाहिले, तर एखाद्या मुलाचे आयुष्य वेळीच सावरू शकेल.